रेवाच्या वतीने

मगदूम बाईंचा कान पिकला आणि सगळं तिथून सुरू झालं. डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिलं, चुकचुक केली आणि सांगितलं, "आठवडाभर मणी घालायचा नाही. कान मोकळा ठेवा."

"अहो, शाळेत चालत नाही तसं!"

"मग कान घालवा," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तेजस्विनी मगदूम इचलकरंजीच्या एका शाळेत आठवीला मराठी शिकवायच्या. पंचावन्नच्या घरातल्या, आवाजाने खणखणीत, तोंडाने फटकळ. मुख्याध्यापकांची कशीबशी परवानगी काढून त्या मोकळ्या कानाने वर्गात शिरल्या, ते चार वर्षांत पहिल्यांदाच. शिरल्या आणि दारातच थबकल्या. केवढा तो गोंगाट! बाकं करकरत होती, पंखा खडखडत होता, एक पोरगा नाक ओढत होता. आणि मुलं एकमेकांशी काय वाट्टेल ते बोलत होती.

"तुझ्या तोंडाचा वास येतोय, लांब सरक," एकजण म्हणाला. शेजारच्याने हसून मान डोलावली, "थँक्यू रे!" मागच्या बाकावर एक मुलगी शांत चेहऱ्याने मैत्रिणीला अशी शिवी देत होती, की ती ऐकून बाईंच्या कानाची आग व्हावी. मैत्रीण लाजली आणि म्हणाली, "तुझी पण वेणी छान दिसतीय."

बाईंना क्षणभर हसूच आलं. मग ते हसू ओसरलं.

आता हा मणी म्हणजे काय प्रकरण, ते सांगायला हवं. दिसायला हरभऱ्याएवढा. आवाज म्हणजे हवेतली लाट. मणी तिच्या बरोबर उलटी लाट सोडतो, चढाला उतार आणि उताराला चढ, म्हणजे दोन्ही मिळून कानात शांतता होते. ही युक्ती जुनीच आहे. नवलाची गोष्ट पुढची. अडवलेलं वाक्य मणी समजून घेतो आणि बोलणाऱ्याच्याच आवाजात ते कानात पुन्हा म्हणतो, पण चाळून. कानातल्या बारीक रक्तवाहिनीवरून त्याला ऐकणाऱ्याची नाडी कळते, कातडीवरून घाम कळतो. कुठल्या शब्दाने कुणाच्या छातीत धडधडतं हे तो महिनोन्महिने शिकत बसलेला असतो. वाक्य आलं, की तो त्याची पन्नास रूपं मनात मांडतो, कशाने नाडी किती चढेल याचा अंदाज घेतो आणि अर्थ जवळपास तोच ठेवून सगळ्यात कमी दुखवणारं रूप ऐकवतो. 'जवळपास तोच' म्हणजे किती जवळ, हे ज्याचं त्याने ठरवावं. या सगळ्याला जरासा वेळ लागतो, म्हणून ही मुलं बोलताना मध्येच थांबायची आणि समोरच्याचे ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा, जुन्या डब केलेल्या पिक्चरसारखा. त्याचं त्यांना काहीच वाटत नसे. तिसरी-चौथीपासून तेच ऐकत आलेली पोरं ती.

मुलांचं समाजमाध्यमही शाळेचंच होतं, 'अंगण' नावाचं. तिथल्या प्रत्येक ओळीवर हीच चाळण बसवलेली होती.

हे काही कुणी उगाच केलं नव्हतं. त्याआधी नववीतल्या एका मुलाची टर उडवणारा व्हिडिओ गावभर फिरला होता. तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही, कुठेच आला नाही. तो पहिलीत असताना बाईंनीच त्याला 'क' गिरवायला शिकवलं होतं. पालकसभेत मण्याचा ठराव आला तेव्हा सगळ्यात आधी हात वर केला तो बाईंनीच. त्या वर्षी खंडेनवमीला गावात यंत्रमागांची पूजा झाली, तशी शाळेत मण्यांची झाली. ताटात मणी ठेवले, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. बाईंची तशी सवयच होती. फळा गेला आणि पडदा आला, तेव्हाही नारळ त्यांनीच वाढवला होता. मुलांच्या हाती टॅब आले तेव्हाही. दर वेळी वाटायचं, आता पोरं शिकतील. दर वेळी पोरं आणखी थोडी लांब जायची आणि बाई म्हणायच्या, सवय होईल हळूहळू. सवय झाली ती बाईंना.

तर त्या दिवशी बाई धडा शिकवायचं सोडून नुसत्या बाकांमधून फिरत राहिल्या. खिडकीशी रेवा कोष्टी आणि तनिष्का चौगुले बसल्या होत्या. बालवाडीपासूनच्या मैत्रिणी. रेवाची आई मागच्या उन्हाळ्यात गेली. बाई स्वतः जाऊन आल्या होत्या. पोरगी किती सावरली आहे, याचं तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

रेवाचे डोळे भरले होते. ती अगदी हळू, सपाट आवाजात बोलत होती. "मला आईची लई आठवण येतीय, तनू. तिची साडी मी उशाला घेते, तर तिचा वास पण जायला लागलाय. बघ की माझ्याकडं जरा."

तनिष्काने पाहिलं. छान हसली. "जांभई आली व्हय? मलापण. मराठीच्या तासाला येतीच."

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या.

मधल्या सुट्टीत त्यांनी रेवाला व्हरांड्यात गाठलं. म्हणाल्या, "रेवा, मी ऐकलं. साडीचं."

रेवाने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग बाईंच्या रिकाम्या कानाकडे पाहिलं. तिने घाईघाईने स्वतःचा मणी काढून मुठीत धरला आणि विचारलं, "काय ऐकलं? सांगा. मी काय बोलले ते म्हणून दाखवा."

"आईची आठवण येते. साडीचा वास जायला लागलाय."

पोरगी बाईंच्या पदराला धरून तिथेच खाली बसली आणि रडली. "मी सगळ्यांना सांगितलं बाई," ती हुंदके देत म्हणाली, "तुम्हाला पण सांगितलं होतं. तुम्ही 'शाब्बास' म्हणालात."

बाईंना ते आठवत होतं. आई गेल्यावर पहिल्यांदा शाळेत आली, त्या दिवशी रेवा टेबलाजवळ येऊन काहीतरी म्हणाली होती. बाईंच्या कानात आलं होतं, 'बाई, मी सगळा अभ्यास भरून काढीन.' मग दुसरं काय म्हणणार?

मण्यांची व्यवस्था बघायचे ते पाटणे सर. हर्षद पाटणे. तिशीतला, कामाला वाघ आणि मनाने भला माणूस. बाई त्यांच्या खोलीत वादळासारख्या घुसल्या आणि त्यांना आधी मणी काढायला लावला.

"सर, ही चाळण आहे का बूच? रेवा वर्षभर आक्रोश करतीय आणि आपण सगळे तिला टाळ्या देतोय!"

पाटणे सरांनी रेवाच्या मण्याचा आलेख उघडला आणि त्यांचाही चेहरा उतरला. "बाई, बिघाड नाही हा," ते म्हणाले, "दुःख ऐकलं की नाडी चढतेच. शिवीपेक्षा जास्त चढते. मण्याला शिवी आणि रडणं यातला फरक कुणी शिकवलाच नाही. त्याला एकच शिकवलंय, ऐकणाऱ्याला त्रास होऊ द्यायचा नाही."

"मग शिकवा की आता!"

"शिकवलं, तर काय होईल? प्रत्येक रडणं प्रत्येकाच्या कानात जाईल. पालक चालू देतील?" त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "आणि हे बघा. दोन महिने झाले, ती बहुतेक वेळ 'माझ्या वतीने'वर असते."

'माझ्या वतीने' ही मण्याची सोय होती. बोलायचा कंटाळा आला, की मण्यावर दोनदा टिचकी मारायची. मग तोंड उघडायची गरज नाही. तुमच्या वतीने, तुमच्याच आवाजात, मणीच समोरच्याच्या कानात बोलतो. मुलांना सोय फार आवडायची. तोंडी परीक्षेला तेवढी बंद असे.

"म्हणजे आज ती बोलली, ते..."

"ते कधीमधी. अजून प्रयत्न करते ती," पाटणे सर म्हणाले, "पण कमी होत चाललंय. काही मुलांचं पूर्णच थांबतं बाई. तोंडाने बोलायचं थांबतं. थांबलं, की कुणाला कळतपण नाही. आवाज तर चालूच असतो ना."

"मग परत बोलायला लागतात ती?"

पाटणे सरांनी पडद्यावरचा आलेख मिटला. बाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना उत्तर कळलं.

संध्याकाळी त्या रेवाच्या घरी गेल्या. पूर्वी दर सत्राला घरभेटी असायच्या. मणी आल्यावर त्यांची गरज कुणाला वाटेनाशी झाली. रेवाचे वडील, दत्ता कोष्टी, गारमेंटच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळायचे. दमलेले होते, तरी उठून खुर्ची पुसली. "बसा की बाई. रेवा, चहा टाक गं."

त्यांच्याही कानात मणी होता. शाळेबाहेर मोठ्यांना काही सक्ती नव्हती, पण घरोघरी घालत.

बाई बोलल्या, जीव तोडून बोलल्या. दत्ता ऐकत होते आणि चेहऱ्यावर समाधान पसरत होतं. शेवटी हात जोडून म्हणाले, "लई उपकार तुमचे. पोरीचं एवढं कौतुक करायला घरापर्यंत आलासा."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग सरळ पुढे झाल्या आणि खुणेने सांगितलं, काढा ते. दत्तांनी नाखुशीने मणी काढला.

"तुमची मुलगी रोज रडते. तुमच्यासमोर रडते. तुम्हाला ऐकू जात नाही."

आत स्वयंपाकघरात भांडं पडलं, तर दत्ता केवढ्यानं दचकले. "मला ठाऊक हाय बाई," ते म्हणाले, "सुरुवातीला काढून ऐकलं होतं एकदा. तिची आई जळत्या तापात कण्हायची ना, तसंच कण्हती ती झोपंत. मला न्हाई सोसलं. मी काय करू सांगा. सकाळी उठून कामावर जायचं असतंय. हे कानात असलं, की पोरगी म्हणती, बाबा जेवलासा का? तेवढ्यावर माझा दिवस निघतोय."

"आणि तिचा दिवस कशावर निघतो?"

दत्तांचे डोळे भरून आले. त्यांनी मणी पुन्हा कानात घातला. "चहा घ्या," म्हणाले. दारात कप घेऊन रेवा उभी होती. तिच्या कानात मणी नव्हता. तिने सगळं ऐकलं होतं. चहा ठेवून ती आत निघून गेली.

मोठ्यांचा नाद सोडावा, असं बाईंनी रस्त्यातच ठरवलं. राहिली तनिष्का. पोरीला एक तरी माणूस ऐकणारं मिळालं, तर ती बोलती राहील. बाईंना आपला जुना भांडणाचा तास आठवला. मणी यायच्या आधी दर शनिवारी शेवटच्या तासाला तो असायचा. ज्यांची कट्टी असेल, त्या दोघांनी वर्गापुढे यायचं आणि पाठीला पाठ लावून उभं राहायचं. तोंड दिसलं, की पोरं लाजतात, नाहीतर मारामारी करतात. पाठमोरं उभं राहिलं, की मनातलं भडाभडा बाहेर येतं. एकाने सगळं बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, मग दुसऱ्याने. शेवटी दोन बोटं जोडून बट्टी करायची आणि एका डब्यात खायचं. किती पोरांची दोस्ती बाईंनी अशी जुळवली होती! काही अजून एकत्र धंदे करत होते.

शनिवारी त्यांनी वर्गाचं दार लावून घेतलं आणि स्टीलचा डबा फिरवला. "मणी काढा सगळ्यांनी. डब्यात टाका. माझ्याखातर."

मुलांनी काढले. बाईंवर माया होती त्यांची. पण पंख्याची खडखड कानात शिरताच निम्म्यांनी कानावर हात ठेवले. एक मुलगा म्हणाला, "बाई, दुखतंय." आपलाच उघडा आवाज ऐकून तो घाबरला आणि गप्प बसला.

"होईल सवय," बाई म्हणाल्या. "तनिष्का, रेवा, पुढं या. पाठीला पाठ. आज रेवा बोलणार. तनिष्का, तू फक्त ऐकायचंस."

दोघी उभ्या राहिल्या. रेवाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, बोल. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. मग फुटला तो चिरका, गंजलेला.

"तनू, माझी आई मेली. तू आमच्या घरी आलीस, पोहे खाल्लेस. मी रडत होते, तर तू म्हणालीस, नवीन ड्रेस छान आहे. मी रोज तुझ्याशेजारी बसून ओरडते. रोज! तुला कधीच ऐकू आलं नाही का? कधीतरी तरी..."

आवाज चढत गेला. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं, ते शब्दांत मावेना. शेवटी नुसताच टाहो. वर्गात दोन-तीन मुली रडायला लागल्या.

तनिष्काचा चेहरा बाईंना दिसत होता आणि तो पांढराफटक पडत चालला होता. पाठीमागून येणारा तो आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता. "बाई," ती कुजबुजली, "कोण आहे मागं? कोण ओरडतंय? बाई, रेवा कुठाय?"

"अगं, रेवाच बोलतीय! तुझी रेवा!"

"नाही! रेवाचा आवाज असा नाहीये! रेवाला बोलवा! बाई, मला भीती वाटतीय, माझी रेवा बोलवा!" ती डब्याकडे धावली, हाताला लागला तो मणी कानात कोंबला आणि मगच मागे वळली.

समोर रेवा उभी होती. तोंड वेडंवाकडं झालेलं, गालांवर पाण्याचे ओघळ, आणि घशातून तो टाहो चालूच. तनिष्काने तिच्याकडे पाहिलं. तनिष्काचा श्वास खाली बसला, रंग परत आला. तिने सुटकेचं हसू हसून रेवाचा हात धरला.

"अगं, कुठं गेली होतीस तू? मी केवढी घाबरले!"

रेवाने तोंड मिटलं. ते कसं मिटलं, हे बाई मरेपर्यंत विसरणार नव्हत्या. तिने हात सोडवून घेतला नाही की तनिष्काला ढकललं नाही. नुसती उभी राहिली. तोपर्यंत सगळा वर्ग डब्यावर तुटून पडला होता.

बाईंना चूक कळली, पण आता काय उपयोग? जुन्या पोरांना तोंड बघायची लाज वाटायची, म्हणून पाठमोरं उभं करायचं. या पोरांना आवाज अनोळखी होता आणि ओळखीचं होतं ते फक्त तोंड. तेच बाईंनी पाठीमागे ठेवलं. समोरासमोर उभं केलं असतं तर? कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित झालंही असतं. हे 'कदाचित' बाईंना जाळत राहिलं.

सोमवारी संस्थेने सभा बोलावली. तनिष्काची आई खूप बोलली. पोरगी दोन रात्री झोपली नाही, दार वाजलं तरी किंचाळते. बाईंच्या कानात तेव्हा मणी नव्हता, त्यामुळे तिचं बोलणं जसंच्या तसं लागलं. "तुम्हाला काय अधिकार? माझ्या मुलीवर असला आवाज सोडायचा तुम्हाला काय अधिकार?" ती रडत म्हणाली. बाईंना तिचा राग आला नाही. खरं तर फार बरं वाटलं, कुणीतरी खरं रडत होतं. दत्ता कोष्टीही मागच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या कानात मणी होता.

ठराव झाला. यापुढे शाळेच्या आवारात मणी काढता येणार नाही. कान दुखत असेल त्याने घरी बसावं. मगदूम बाईंची इतक्या वर्षांची सेवा पाहून त्यांना समज देऊन सोडलं. विरोधात एकच मत पडलं, बाईंचं स्वतःचं, आणि त्यांना मताचा अधिकारच नव्हता, असं मागाहून लक्षात आलं.

राजीनामा द्यावा, असं वाटलं त्यांना. पण मग रेवाजवळ कोण राहणार, या विचाराने त्यांनी दिला नाही. कान बरा झाला, मणी घालून त्या कामावर रुजू झाल्या.

वर्ग पुन्हा गोड बोलत होता. तनिष्का आणि रेवा खिडकीशी बसल्या होत्या आणि रेवाचं हसणं बाईंपर्यंत येत होतं. मधली सुट्टी झाली. मुलं पळाली. रेवा बाईंच्या टेबलापाशी आली.

"बाई, तुमचा कान बरा आहे का आता?" तिचा आवाज आला. गोड, मोकळा, जसा तेरा वर्षांच्या पोरीचा असावा तसा. "माझी काळजी करू नका. मी मजेत आहे. तनू आणि मी नाटकात नाव दिलंय."

बाईंनी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. ठराव गेला खड्ड्यात, म्हणून त्यांनी मणी उपटला.

रेवाचे ओठ मिटलेले होते. ते हललेच नव्हते. ती बाईंकडे बघत होती, पण बघण्यात काही मागणं नव्हतं, राग नव्हता.

"रेवा," बाई म्हणाल्या, "बाळा, मी काढलाय. बघ. माझ्या कानात काही नाही. बोल. काहीही बोल. शिव्या दे मला."

मैदानावर पोरं खेळत होती, त्यांचा कालवा आत येत होता. रेवा उभी होती. बाईंनी तिचे खांदे धरले, हलवले, तिच्या तोंडाशी कान नेला. श्वास तेवढा लागला. बराच वेळ त्या तशाच वाकून राहिल्या. त्यांना रडू फुटलं. त्या मोठ्याने रडल्या, आणि रेवा, जिच्या कानात मणी होता, बाईंना काहीतरी छान म्हणताना ऐकून किंचित हसली.

ती शांतता बाईंना सोसेना. पंचावन्न वर्षांची, खणखणीत आवाजाची बाई ती, पण त्या मिटलेल्या तोंडापुढे तिचा धीर सुटला. त्यांनी चाचपडत मणी उचलला आणि कानात घातला.

"रडू नका ना बाई," रेवाचा आवाज म्हणाला, "मी आहे ना."

बाईंच्या छातीतली धडधड हळूहळू कमी झाली.